ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतःसाठी उभा केलेला गट: अडीच वर्षांचा अनुभव आणि अडलेले प्रश्न

दुपारची_सावली (धागाकर्ती)

नमस्कार. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला ऑटिझमचे निदान झाले. त्यानंतरचे पहिले वर्ष मी जुने हिशेब तपासण्यात घालवले. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात का बसत असे, लग्नघरातून डोके धरून का परतत असे, आणि कामाबद्दल कधी तक्रार नसताना तीन नोकऱ्या का सुटल्या, हे सगळे एकेक करून जुळू लागले. दुसऱ्या वर्षी एक साधी गोष्ट ध्यानात आली. पुण्यात ऑटिस्टिक मुलांसाठी शाळा होत्या, थेरपीची केंद्रे होती, पालकांचे गट होते. पण अठरा वर्षे उलटून गेलेल्या माणसाने रविवारी सकाळी कोणाकडे जाऊन बसावे, याचे उत्तर मला कोठेही मिळाले नाही.

म्हणून आम्ही पाच जणांनी भेटायचे ठरवले. ती पहिली भेट पूर्ण फसली, आणि ती का फसली हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच निघाले. एका सोसायटीचा छोटा हॉल मिळाला होता. आम्ही खुर्च्या गोलाकार मांडल्या, प्रत्येकाने दोन मिनिटे ओळख करून द्यावी असे ठरवले आणि शेजारच्या स्वयंपाकघरात पोहे करायला सांगितले. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत होता, हिंगाची फोडणी थेट हॉलमध्ये येत होती, आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांमुळे प्रत्येकाला चार चेहऱ्यांकडे एकाच वेळी पाहावे लागत होते. विसाव्या मिनिटाला तिघे जिन्यात होते, चौथा सोसायटीच्या बागेत होता, आणि भेट आयोजित करणारी मी बाथरूममध्ये नळ सोडून उभी होते. पाच ऑटिस्टिक माणसांनी मिळून अशी सभा भरवली होती की तिच्यात पाचांपैकी एकालाही बसता येऊ नये. चारचौघांत भेटणे म्हणजे काय, याचा दुसरा नमुनाच आम्ही पाहिलेला नव्हता.

खरी भेट नंतर जिन्यात झाली. मी बाहेर आले तेव्हा तिघे तीन पायऱ्यांवर एकाच दिशेला तोंड करून बसले होते. एक जण पीएमपीच्या बसमार्गांचे क्रमांक कसे बदलत गेले ते सांगत होता, दुसरी ऐकता ऐकता ओढणीची किनार बोटांवर गुंडाळत होती. मी चौथी पायरी धरली. चाळीस मिनिटे कोणी कोणाकडे पाहिले नाही, आणि मला आठवते तेव्हापासून पहिल्यांदाच चारचौघांतून उठताना मी दमलेली नव्हते.

त्यानंतर मी शोधाशोध केली तेव्हा कळले की हा शोध आपण लावलेला नाही. अमेरिकेत १९९२ साली जिम सिंक्लेअर, डोना विल्यम्स आणि कॅथी लिसनर यांनी ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल सुरू केले, ते पत्रमैत्रीतून आणि एका छोट्या वार्तापत्रातून. पालकांच्या आणि तज्ज्ञांच्या परिषदांना जाऊन तिथे गर्दीत कोमेजण्यापेक्षा आपली जागा आपण आखावी, या विचाराने त्यांनी १९९६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका शिबिरस्थळी ‘ऑट्रीट’ नावाचे निवासी संमेलन भरवले. तिथली एक पद्धत आम्ही जशीच्या तशी उचलली. प्रत्येकाकडे रंगीत बिल्ले असतात. लाल लावला असेल तर कोणीही बोलायला येऊ नये. पिवळा असेल तर आधीपासून ओळख असणाऱ्यांनीच यावे. हिरवा असेल तर मला बोलायचे आहे, पण सुरुवात करणे जमत नाही, तेव्हा तुम्ही सुरुवात करा. बिल्ला नसेल तर तो माणूस आपले आपण पाहून घेईल. हिरव्याचा अर्थ वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते, कारण लहानपणापासून मला नेमके तेच कोणाला तरी सांगायचे होते.

आमच्यातल्या एकाला लाल-हिरवा फरक कळत नाही, म्हणून आम्ही आकारही ठरवले: लाल चौकोन, पिवळा त्रिकोण, हिरवे वर्तुळ, आणि मागे केसांची साधी क्लिप चिकटवलेली. (अवांतर: पहिल्या दिवशी वॉचमनने आमची बैठक कोणत्या पक्षाची आहे, अशी चौकशी केली होती.)

आज आम्ही सतरा जण आहोत आणि एक आड एक रविवारी भेटतो. भेटीच्या पाच दिवस आधी, म्हणजे मंगळवारी, सर्वांना पत्र जाते. त्यात प्रवेशद्वाराचा, जिन्याचा आणि बाथरूमच्या दाराचा फोटो असतो, कोण कोण येणार ते असते आणि संपण्याची वेळ असते. ती वेळ आम्ही पाळतो, कारण ‘बसा हो, काय घाई आहे’ हे वाक्य आमच्यातल्या अनेकांना शिक्षेसारखे वाटते. अत्तर लावायचे नाही, न विचारता फोटो काढायचा नाही, डबा ज्याचा त्याने आणायचा, आणि मधेच उठून जाणाऱ्याला कारण विचारायचे नाही.

आधार हा शब्द मी सुरुवातीला वापरत नसे, कारण त्यातून एक देणारा आणि एक घेणारा असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात जे घडले ते देवाणघेवाणीचे होते. आमच्यातल्या एकीला फोन लावणे जमत नाही. गॅस एजन्सीला फोन करायचा म्हणून ती तीन आठवडे विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करत होती. दुसऱ्याला फोनचे काही वाटत नाही, पण चार पानी फॉर्म समोर आला की त्याचे डोके बंद पडते. आता तो तिचे फोन करतो आणि ती त्याचे फॉर्म भरते. बँकेत केवायसीसाठी जायचे तर दोघे मिळून जातात: एक बोलतो, दुसरा कागद सांभाळतो आणि बोलणाऱ्याचा आवाज चढू लागला की त्याच्या बाहीला हळूच हात लावतो. गुरुवारी संध्याकाळी आम्ही आवाज बंद ठेवून व्हिडिओ कॉल लावतो आणि जो तो आपापली तुंबलेली कामे करतो. पडद्यावर नुसती आठ-दहा डोकी वाकलेली दिसतात, पण माझ्या घरचे महिनाभराचे कपडे त्या तासाभरात घडी होतात.

हे सगळे चांगले चालले आहे असे लिहून थांबता आले असते, पण तीन ठिकाणी आम्ही अडलो आहोत. न बोलणारे ऑटिस्टिक प्रौढ आमच्याकडे जवळजवळ येतच नाहीत. सतरांत एकच आहे. पालकांना किती जागा द्यावी, यावर आमच्यात दोन तट आहेत. आणि नोकरीच्या बाबतीत आम्ही एकमेकांना धीर देतो, त्यापलीकडे फारसे काही करू शकलेलो नाही. या तिन्हींबद्दल येथील जाणकारांनी लिहावे.

यॉर्कशायरची_मराठी

उत्तम धागा. इंग्लंडमध्ये ऑटिस्टिक लोकांनीच चालवलेले ‘ऑटस्केप’ हे संमेलन २००५ पासून भरते, ते ऑट्रीटवरूनच सुचलेले आहे. मी एकदा गेले होते, आणि तुमचा जिन्याचा प्रसंग वाचून ते दिवस आठवले. व्याख्यान चालू असताना काही जण जमिनीवर आडवे झाले होते, एक बाई संपूर्ण वेळ लोकर विणत होत्या, आणि व्याख्यान संपल्यावर टाळ्यांऐवजी सर्वांनी हात वर करून हलवले. बिगर-ऑटिस्टिक माणसांनाही तिथे येता येते. फक्त तिथली रीत ऑटिस्टिक माणसाच्या सोयीने ठरलेली असते आणि पाहुण्याने तिच्याशी जुळवून घ्यायचे असते. एरवी आयुष्यभर जे उलट्या दिशेने चालते, ते तीन दिवस सुलट होते.

तुमच्या गटाबद्दल मला काळजी वाटते ती वेगळीच. पत्र कोण लिहिते, फोटो कोण काढते, हॉलची किल्ली कोणाकडे असते? ही तिन्ही कामे तुम्हीच करत असाल, तर तुम्ही थकलात की गट थांबेल. माझ्या माहितीतला एक छोटा गट असाच विरून गेला: चालवणाऱ्या बाईंना बर्नआऊट झाला, आणि किल्ली कोणाकडे मागायची हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दुपारची_सावली

किल्ली माझ्याकडेच असते. आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे, आणि वाचताना थोडी शरमही वाटली.

तळेगावचा_बाप

धागा दोनदा वाचला. तुमच्या लेखनाबद्दल आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. तो बोलत नाही. त्याला दाढी मी करून देतो, आंघोळीच्या पाण्याचा अंदाज मी घेतो, आणि रात्री दोन वाजता तो घराबाहेर पडू पाहतो तेव्हा दाराला पाठ लावून मी उभा असतो. तुम्ही ज्यांना ऑटिस्टिक म्हणता ते बँकेत जातात, नोकऱ्या सोडतात, नव्या शोधतात, येथे सुबक मराठीत धागे काढतात. तुमच्यात आणि त्याच्यात शब्द एक आहे. बाकी काय सारखे आहे, ते मला दाखवा.

तुम्ही ज्या सिंक्लेअर यांचे नाव घेतले त्यांचे १९९३ सालचे टोरांटोचे भाषण मी वाचले आहे. आमच्यासाठी शोक करू नका, तुम्ही ज्याची वाट पाहिलीत त्या कल्पनेतल्या मुलाचा शोक आमच्यापासून दूर जाऊन करा, असे ते पालकांना सांगतात. वाचून मला राग आला होता. माझा शोक कल्पनेतल्या मुलासाठी नाही. माझे वय एकोणसाठ आहे आणि माझ्या पश्चात त्या दाराला पाठ लावून कोण उभे राहील, एवढाच माझा प्रश्न आहे. तुमच्या गटाकडे याचे उत्तर असेल तर मी उद्या येतो. नसेल तर तुमच्यासारख्या बोलक्या लोकांनी ‘ऑटिस्टिक माणसांना काय हवे’ हे सांगताना माझ्या मुलाला त्यात धरू नये, ही विनंती.

दुपारची_सावली

काका, तुमचा आक्षेप मी खोडणार नाही. रात्री दोन वाजताच्या दाराचे उत्तर आमच्याकडे नाही. तुमच्या मुलाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही, हेही मान्य.

एवढेच सांगते की शब्दाखेरीज काय सारखे आहे, याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही. स्वतः सिंक्लेअर बाराव्या वर्षापर्यंत बोलत नव्हते. याचा अर्थ तुमचा मुलगा उद्या बोलेल असा मुळीच नाही. पण ते भाषण लिहिणारा माणूस जन्मभर बोलका होता, असेही नाही.

आमच्यातला जो एक जण बोलत नाही त्याच्याबद्दल लिहिते. त्याने लिहायला होकार दिला आहे. तो एकोणतीस वर्षांचा आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे, चित्राचे बटण दाबले की शब्द बोलून दाखवणारे मोफत ॲप तो वापरतो, ते मराठीतही चालते. त्याशिवाय त्याची स्वतःची सात-आठ कार्डे आहेत, कडा चघळून मऊ झालेली. पहिले चार महिने त्याने भेटीत एकही बटण दाबले नाही. तो येत असे, खिडकीशी बसून बाटल्यांची झाकणे रांगेत लावत असे आणि वेळ संपली की चप्पल घालत असे. आम्ही त्याला काही विचारले नाही, कारण त्याच्या छातीवर लाल चौकोन होता. पाचव्या महिन्यात पालकांना जागा द्यावी की नाही यावर आमच्यातले दोघे तावातावाने वाद घालत होते, तेव्हा खिडकीकडून यंत्राचा आवाज आला: ‘पुरे.’ वाद खरोखरच थांबला. त्यानंतर त्याने आपल्या बहिणीला भेटीच्या वेळी बाहेर जिन्यात बसायला लावले, तेही कार्ड दाखवून. ती आठ वर्षे त्याच्या प्रत्येक कार्यक्रमात त्याच्या शेजारी बसत आली होती आणि त्याला ते नको होते, हे तिला त्या दिवशी कळले.

तुम्ही या, असा आग्रह करणार नाही. पण यायचे झाले तर काय करावे लागेल, ते विचारा. आम्ही त्याप्रमाणे मांडणी बदलू.

कलमांचा_कीस

‘आमच्यानंतर कोण’ या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे, म्हणून लिहितो.

आपल्याकडे दोन कायदे एकमेकांशेजारी उभे आहेत आणि त्यांचा सूर वेगळा आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्यात अठरा वर्षांनंतरही पालक (म्हणजे त्या व्यक्तीसाठी निर्णय घेणारा कायदेशीर पालक, आईवडीलच असे नाही) नेमता येतो आणि ते काम जिल्ह्याची स्थानिक समिती करते. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी आणि नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी यांच्याबरोबर एक दिव्यांग व्यक्ती असलीच पाहिजे, असे कायदा म्हणतो. त्यानंतर भारताने २००७ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला मान्यता दिली आणि त्याच्या अनुषंगाने २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, जो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. हा कायदा मर्यादित पालकत्वाची भाषा करतो: निर्णय पालकाने एकट्याने घ्यायचा नाही, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, परस्परविश्वासाने, ठरावीक बाबीपुरता आणि ठरावीक काळापुरता घ्यायचा. तळेगावच्या काकांनी पालकनेमणुकीचा अर्ज करताना हा फरक जरूर समजून घ्यावा. माझ्या पाहण्यात पुष्कळ अर्ज सरसकट ‘सर्व बाबींसाठी’ असे भरले जातात, आणि मुलाला काय हवे हे विचारण्याचा रकाना रिकामा राहतो.

धागाकर्तींसाठी एक सूचना. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी कोणाला करता येते, हे सांगणाऱ्या कलमात सर्वांत आधी ‘दिव्यांग व्यक्तींची संघटना’ येते, मग पालकांच्या संघटना आणि स्वयंसेवी संस्था. म्हणजे ज्यांच्यासाठी हा कायदा आहे त्यांनी स्वतः संघटित व्हावे, ही अपेक्षा १९९९ पासून कायद्यातच लिहिलेली आहे. तुमच्या सतरा जणांनी नोंदणी केली तर पालकांना जागा किती द्यायची, हा वाद वेगळ्याच पायावर येईल.

मनुष्यबळ_विभाग

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत भरतीचे काम करते. तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ साली ऑटिस्टिक उमेदवारांसाठी स्वतंत्र भरतीचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात तिच्या जोडीला असलेली डेन्मार्कची स्पेशलिस्टर्ने ही संस्था २००४ पासून हेच काम करत होती. आमच्याकडे एवढा मोठा कार्यक्रम शक्य नव्हता. आम्ही एका पदासाठी फक्त तीन गोष्टी बदलल्या: मुलाखतीचे प्रश्न दोन दिवस आधी लेखी पाठवले, ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न काढून टाकला, आणि गप्पांच्या फेरीऐवजी दोन तासांचे प्रत्यक्ष काम दिले. ज्याची निवड झाली त्याने आपण ऑटिस्टिक असल्याचे रुजू झाल्यावर सहाव्या महिन्यात सांगितले. गंमत म्हणजे इतर उमेदवारांनीही कळवले की अशी मुलाखत त्यांना अधिक न्याय्य वाटली.

सरकारी नोकरीत ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी आहेत, पण त्यांतला शेवटचा १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कलमांचा_कीस

पुरवणी जोडतो. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, पण सोयी मागण्यासाठी प्रत्येक वेळी ते लागतेच असे नाही. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेत लेखनिक नाकारलेल्या उमेदवाराच्या बाजूने निर्णय दिला आणि ४० टक्क्यांची अट त्या सोयीला लावता येत नाही, असे स्पष्ट केले. वाजवी सोय प्रत्येक व्यक्तीच्या गरजेप्रमाणे पाहायची असते.

चोक_बदला

मी धागाकर्तींच्या गटातला, बसमार्गांचे क्रमांक सांगणारा.

मनुष्यबळ विभागांना एक गोष्ट सांगायची आहे. ऑटिस्टिक म्हटले की लगेच संगणक, चाचण्या आणि तक्ते असे समजले जाते. मला संगणक आवडत नाही. मी एका मोठ्या कार्यालयात सव्वा वर्ष माहिती भरण्याचे काम केले. २ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम दिनाला, त्यांनी मला न विचारता सर्वांसमोर उभे केले, निळा केक कापला आणि टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात मी कानावर हेडफोन लावायची परवानगी मागितली, तर एकाला दिली की सगळे मागतील असे उत्तर मिळाले. जूनमध्ये मी राजीनामा दिला.

आता मी एका रोपवाटिकेत काम करतो. मालकांनी ऑटिझमबद्दल काही वाचलेले नाही. ते रोज सकाळी खडूने पाटीवर कामे क्रमाने लिहितात, आणि मधेच काम बदलायचे असेल तर पाटीवर येऊन खोडून नवे लिहितात. ही पाटी मी मागितली होती. ती मागायची कशी, याचा सराव आम्ही जिन्यात तीन रविवार केला: एक जण मालक झाला, मी मी झालो. त्यामुळे नोकरीच्या बाबतीत गट काही करू शकलेला नाही, हे धागाकर्तींचे म्हणणे मला मान्य नाही.

आकडेमोड

चर्चेला संशोधनाची जोड देतो. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडले की ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांमधला समजुतीचा अडथळा दुहेरी असतो; दोघांनाही एकमेकांचे कळत नाही, पण दोष एकाच्याच पदरी टाकला जातो. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीसारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट पुढे सांगत न्यायची होती. सर्व ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांनी ती बिगर-ऑटिस्टिक साखळ्यांइतकीच टिकवली. मिश्र साखळ्यांत ती अधिक गळाली.

मात्र प्रामाणिकपणे पुढचेही सांगायला हवे. याच प्रयोगाची तीनशेहून अधिक जणांना घेऊन केलेली मोठी आवृत्ती २०२५ साली प्रसिद्ध झाली आणि तीत मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. तेव्हा ‘ऑटिस्टिकांचे ऑटिस्टिकांशीच जमते’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ऑटिस्टिक साखळ्या कोठेही कमी पडल्या नाहीत, एवढे मात्र दोन्ही वेळा दिसले.

शब्दांची_झोळी

‘स्वमग्न’ हा इतका गोड मराठी शब्द असताना सगळेच जण ‘ऑटिस्टिक’ का लिहीत आहेत?

दुपारची_सावली

शब्द गोड आहे, पण त्यात आम्ही स्वतःतच बुडालेलो आहोत असा निवाडा दडलेला आहे. प्रत्यक्षात आमच्यातल्या बहुतेकांना बाहेरचे सगळे एकाच वेळी आणि फार मोठ्याने ऐकू येत असते. चोकची गुणगुण ऐकणारा माणूस स्वतःत मग्न कसा? तरीही आमच्यातल्या दोघांना तोच शब्द आवडतो आणि ते तो वापरतात. त्यावर आमचे भांडण नाही.

चोक_बदला, तुझे म्हणणे मान्य. पाटीचा सराव मी हिशेबात धरलाच नव्हता.

तळेगावचा_बाप

मधे पाच आठवडे येथे आलो नाही. काल आम्ही आलो होतो, त्याचा वृत्तांत.

लोकलने आलो, कारण लोकल त्याला आवडते. तळेगाव ते शिवाजीनगर प्रत्येक स्टेशनला तो खिडकीच्या चौकटीवर एकदा टकटक करतो. बेगडेवाडीसारखे छोटे स्टेशनही चुकत नाही. जिन्याचा फोटो मंगळवारपासून रोज दाखवला होता, त्यामुळे जिना आल्यावर तो थांबला नाही. वर कोणी ‘ये ये’ म्हणाले नाही, हे मला आधी विचित्र वाटले.

बिल्ला कोणता लावायचा हे मी ठरवणार होतो आणि लाल उचललाही होता. तुमच्या एका सदस्याने तिन्ही बिल्ले त्याच्यासमोर टेबलावर ठेवले आणि मला हाताने थांबायला खुणावले. दोन-तीन मिनिटे गेली असतील. त्याने पिवळा त्रिकोण घेतला. त्याला अर्थ कळून घेतला की रंग आवडला म्हणून, ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही सांगू नये. खिडकीशी झाकणे लावत बसलेल्या मुलाजवळ तो उभा राहिला. त्या मुलाने वर न पाहता पाच-सहा झाकणे त्याच्या बाजूला सरकवली. एकूण अकरा मिनिटे आम्ही होतो. मग पंख्याचा आवाज वाढला, त्याने कान दाबले आणि आम्ही निघालो.

माझा मूळ प्रश्न आहे तिथेच आहे. पालकत्वाच्या अर्जाचे कागद मात्र मी पुन्हा काढले आहेत. ‘सर्व बाबींसाठी’ असेच मी भरले होते. कलमांचा_कीस यांना स्वतंत्र निरोप पाठवत आहे.

पिवळा बिल्ला त्याने परत दिला नाही, झोपतानाही मुठीत होता. पुढच्या वेळी आणून देतो, किंवा काय होतील ते पैसे सांगा.

दुपारची_सावली

काका, बिल्ला त्याच्याकडेच राहू द्या. आम्ही पुठ्ठ्याचे नवे करतो, आणि तसेही पिवळे आमच्याकडे जास्त आहेत.

पंख्याचा रेग्युलेटर बिघडला आहे. तो आपोआप तीनवरून पाचवर जातो. बदलायला सांगितले आहे, पण रविवारपर्यंत होईल असे वाटत नाही, म्हणून पुढची भेट खालच्या व्हरांड्यात घेऊ. तिथे पंखा नाही, मात्र पावणेअकराला कचऱ्याची घंटागाडी गाणे लावून येते, तेव्हा तुम्ही दहाला आलात तर बरे. व्हरांड्याचे फोटो मंगळवारी पाठवते. या वेळी पत्र मी लिहिणार नाही, चोक_बदला लिहिणार आहे, आणि किल्लीची दुसरी प्रत आज करून घेतली आहे.